माझ्या नावाचा स्टॉल

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी वहिनी माझं कपाट उघडायची आणि त्यातला सगळ्यात वाईट कपडा शोधायची. "ती निळी साडी कुठेय गं? काठाला उसवलेली?" मी एरवी साडी नेसत नाही. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आहे, त्याच्या पट्ट्यांत साडी अडकते. सैल सलवारीखाली तो झाकला जातो आणि चालायलाही बरं पडतं. पण तपासणीच्या दिवशी झाकून कसं चालेल? दादा म्हणायचा, "कॅलिपर राहू दे घरी. कुबड्या घे. कुबड्या लांबून दिसतात."

वर्षातून एकदा, कधी दोनदा, असं चौदा वर्षं चाललं. आजही आठवलं की शिसारी येते. दादाची येते, वहिनीची येते, आणि माझी स्वतःची तर जास्तच, कारण बऱ्याचदा ती साडी मीच वरच्या कप्प्यातून काढून द्यायचे.

आम्ही मूळचे गिरगावचे. वडील रिटायर झाल्यावर तिथली खोली देऊन भाईंदर वेस्टला आलो. मला पोलिओ लहानपणीच झालेला. तरी बी.कॉम. झाले, चांगल्या मार्कांनी झाले. नोकरीसाठी चार ठिकाणी गेले. चारही ठिकाणी साहेबांनी आधी माझे पाय बघितले आणि मग माझा अर्ज. शेवटी घरी शिकवण्या सुरू केल्या. त्यातून सोसायटीत एक नाव झालं. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या मुलाचं ॲडमिशन, कुणाची पेन्शन, फॉर्म आला की लोक आमची बेल वाजवायचे. "ताईंकडून भरून घ्या, ताई एकही चूक करत नाहीत." मी फॉर्म आधी पूर्ण वाचायचे, बारीक अक्षरातलंसुद्धा, आणि मगच पेन लावायचे.

मग अपंगांना स्टॉल द्यायची योजना आली. दादाने फॉर्म आणला, मी भरला, आणि नशिबाने नाव लागलं. आई तेव्हा होती. तिने पेढे वाटले. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली, की आता माझ्यामागे पोरीची काळजी नाही, तिचं हक्काचं काहीतरी झालं. बिचारी! स्टॉल बाजाराच्या रस्त्याला होता, घरापासून रिक्षाने पाच-सात मिनिटं. नारळ फोडला, मी स्टुलावर बसले, फोटो काढला. घरी येताना रिक्षात दादा म्हणाला, "तू रोज कुठे धडपडत येणार? उन्हाचं, पावसाचं. आपण एक माणूस बसवू. तुला घरबसल्या मिळेल." तेव्हा मला ते प्रेमच वाटलं. अगदी डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

माणूस आला. राजस्थानचा, मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकणारा, हसतमुख, चोख. भाडं दादाच्या हातात जायचं. महिन्याच्या सुरुवातीला वहिनी माझ्या उशीखाली काही नोटा ठेवायची. हातात द्यायची नाही हं, उशीखाली. वर म्हणायची, "तुझा हातखर्च." स्टॉल माझ्या नावावर, लायसन्स माझ्या नावावर आणि मला हातखर्च! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पण मी त्या नोटा घ्यायचे आणि थँक्यूसुद्धा म्हणायचे.

आता तपासणीचं सांगते. लायसन्सचा नियम असा, की ज्याच्या नावाचा स्टॉल त्यानेच तो चालवायचा. म्हणून ऑफिसचा माणूस अधूनमधून बघायला यायचा. तो कधी येणार हे दादाला आदल्या दिवशीच कळायचं, कसं ते मी विचारलं नाही. सकाळी कव्हरवाला आपला सगळा माल पोत्यांत भरून शेजारच्या दुकानात ठेवायचा आणि स्टॉलवर 'माझा' माल मांडायचा. चार बरण्या गोळ्या, थोडी बिस्किटं, अगरबत्ती, काड्यापेट्या. अपंग बाई विकणार तर हेच विकणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. चार्जर विकायला काय पाय लागतात? पण नाही. त्या गोळ्या वर्षानुवर्षं त्याच होत्या. कागदाला चिकटून त्यांचा लगदा झालेला, बरणीचं झाकण उघडलं की आंबूस वास यायचा. तपासणी झाली की बरण्या परत माळ्यावर, आणि मी परत घरी.

आमच्या रांगेत असे चार स्टॉल होते, चारही अपंगांच्या नावाचे, आणि एकावरही अपंग माणूस बसत नसे. शेजारचा स्टॉल एका आंधळ्या काकांचा होता. त्यांचा जावई त्यांना हाताला धरून आणायचा. काकांची आणि माझी भेट फक्त तपासणीच्या दिवशी. माझ्या कुबड्यांचा आवाज आला की ते म्हणायचे, "आलीस का गं? म्हणजे साहेब येणार आज." मग आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून साहेबाची वाट बघायचो. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "माझ्या स्टॉलवर एरवी काय विकतात गं? जावई सांगत नाही." मी बघून सांगितलं, की बहुतेक पर्सेस आणि पट्टे. मी त्यांच्यासाठी दुसरं काहीच केलं नाही.

साहेब यायचा, मोबाईलवर फोटो काढायचा. "बरं चाललंय ना ताई?" मी मान हलवायचे. दादाने बजावलेलं असायचं, "जास्त बोलू नको, तू बोललीस की शिकलेली वाटतेस." काय माणूस आहे बघा! एकदा तर साहेब फोटो काढता काढता म्हणाला, "ताई, कुबड्या जरा पुढे घ्या, फ्रेममध्ये येत नाहीत." मी घेतल्या पुढे. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी दादाने जाहीर केलं, की हे घर विकायचं आणि मीरा रोडला मोठं घ्यायचं. पुतण्याचं लग्न ठरत होतं. नव्या घराचा नकाशा डायनिंग टेबलावर पसरून वहिनी बोट ठेवून दाखवत होती, ही आमची बेडरूम, ही नव्या जोडप्याची, हे देवघर. मी विचारलं, "आणि मी?" वहिनी म्हणाली, "अगं, हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेणारच आहोत." दादा नकाशातून मान वर न करता म्हणाला, "वसईकडे एक चांगली संस्था आहे म्हणतात, तुमच्यासारख्यांची. बघू काय ते." तुमच्यासारख्यांची! पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला कळलं, की माझ्या नावावर जगात एकच गोष्ट आहे, आणि ती लोखंडी पत्र्याची टपरी आहे.

मी म्हटलं, "दादा, मला माझा स्टॉल परत दे. मी चालवते. झेरॉक्स, फॉर्म भरणं, ऑनलाइन अर्ज. मला येतं ते सगळं."

तो हसला. वाईट हसला असंही नाही, लहान मुलाला हसतात तसं हसला. "तुला झेपणार आहे का?" मी म्हटलं, झेपेल नाही तर नाही झेपणार, माझं मी बघेन. तेव्हा त्याचं हसू गेलं. आत जाऊन एक फाइल घेऊन आला. कव्हरवाल्याबरोबरचा भाडेकरार. दादाने त्याच्याकडून भलंमोठं डिपॉझिट घेतलेलं, आणि ते नव्या घराच्या बुकिंगला भरलेलं. आणि खाली सही कुणाची? माझी!

"तक्रार कर हवं तर," दादा म्हणाला. "लायसन्सवाला स्टॉल भाड्याने देणं गुन्हा आहे. दिलास तू. सही तुझी. लायसन्स जाईल ते तुझंच."

ती सही मला आठवली. गणपतीचे दिवस होते, माझे हात मोदकाच्या पिठाने भरलेले. दादा कागद घेऊन ओट्यापाशी आला, "सही कर गं पटकन, स्टॉलच्या मीटरचं आहे." मी हात पुसला आणि सही केली. सगळ्या भाईंदरचे फॉर्म बारीक अक्षरासकट वाचणारी मी, स्वतःचा कागद वाचला नाही. भावाचा कागद कोण वाचतं? असं कुणी वाचायला लागलं तर घरात दुसऱ्याला राग येतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, इथे जिवंत बहिणीच्या टाळूवरचं चाललं होतं, तेही बाप्पासमोर.

पुढचे दोन महिने मी त्या घरात कशी राहिले ते मलाच माहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बँकेत जाऊन आले, छोटं कर्ज मिळेल का बघायला. तिथला ऑफिसर समोर बसलेल्या मला सोडून, माझ्याबरोबर आलेल्या रिक्षावाल्याला विचारतो, "मॅडम को साइन करने आता है क्या?" रिक्षावाल्याला बिचाऱ्याला लाज वाटली. ऑफिसरला नाही वाटली. धंदा चालू असल्याचा पुरावा आणा म्हणाला. धंदा होता, पण माझा नव्हता.

आणि मग तपासणी आली. पुन्हा निळी साडी, पुन्हा कुबड्या, पुन्हा त्या आंबलेल्या बरण्या. साहेब आला, फोटो काढला, त्याच्या वहीत माझी सही घेतली आणि दादा त्याला चहा पाजायला घेऊन गेला. मी स्टुलावर बसलेली, हातात पेन तसंच. तेवढ्यात उत्तनची एक कोळीण समोर येऊन उभी राहिली. मासळीची पाटी रिकामी झालेली, हातात चुरगळलेला कागद.

"बाय, यो फारम भरून देशील काय? मना लिवता येत न्हाय."

विधवा पेन्शनचा फॉर्म होता. मी तो वाचला, तिला एकेक विचारत भरला, कुठली कागदपत्रं जोडायची ते मागे लिहून दिलं. जाताना तिने कमरेच्या पिशवीतून वीसची नोट काढली. मी नको म्हटलं तर उखडलीच माझ्यावर. "फुकट कशाला गो? धंद्यावर बसलीस नं?" आणि नोट बरणीच्या झाकणावर ठेवून गेली.

ती नोट हातात घेतली आणि मला हुंदकाच आला. चौदा वर्षांत त्या स्टॉलवर मी कमावलेली ती पहिली नोट. नोटेला मासळीचा वास होता. तो वास मला त्या घरातल्या कुठल्याही वासापेक्षा चांगला वाटला, खोटं नाही सांगत.

दादा चहा पिऊन आला. "चल, रिक्षा थांबवलीय."

"मी नाही येत."

"म्हणजे?"

"स्टॉल माझा आहे. मी इथे बसतेय. आत्ताच साहेबाने फोटो काढलाय माझा, इथे बसलेली आहे म्हणून."

आधी तो समजावणीच्या सुरात बोलला, मग आवाज चढला, मग एकदम खाली आला, कारण लोक थांबायला लागले होते. "तमाशा करू नको. लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत की. मी दिसावं म्हणूनच तर आणतोस ना मला इथे?" त्याने माझ्या कुबड्या उचलल्या आणि रिक्षात नेऊन ठेवल्या. मी तशीच बसून राहिले. कुबड्या घेऊन जाता येतात, मला उचलून न्यायची त्याची भर बाजारात हिंमत झाली नाही.

कव्हरवाला पोती घेऊन आला तर मी जागेवर. तो डोक्याला हात लावून खाली बसला. "दीदी, आप बैठेंगी तो मैं कहाँ जाऊँगा? मेरा डिपॉझिट?"

"डिपॉझिट किसके हाथ में दिया?"

"भाईसाहब के."

"तो भाईसाहब से लो. घर मालूम है ना?"

त्याला घर चांगलंच माहीत होतं. रात्री मी एका रिक्षावाल्याच्या आधाराने घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून कव्हरवाला रोज आमच्या जेवणाच्या वेळेला येऊन दारात उभा राहायला लागला. भांडायचा नाही, ओरडायचा नाही, नुसता हात जोडून उभा. समोरच्या फ्लॅटचं दार उघडं असायचं. तिसऱ्या आठवड्यात दादाने बुकिंग रद्द करून त्याचे पैसे फेडले. मीरा रोडचं मोठं घर गेलं, आणि माझं त्या घरातलं अन्नपाणीही तुटलं. वहिनी म्हणाली, "आम्ही एवढं केलं तुझं, आणि तू पुतण्याच्या संसारावर उठलीस." शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते, त्यातून एक जुना लॅपटॉप आणि झेरॉक्सचं सेकंडहँड मशीन घेतलं. जवळच मोर्व्याला तळमजल्यावर एक खोली मिळाली. ती मिळेपर्यंत सहा घरमालकांनी विचारलं, "एकट्या? आणि पायाने अशा? काही झालं तर जबाबदारी कोणाची?" सातव्या मालकिणीने फक्त भाडं वेळेवर द्याल का एवढंच विचारलं.

त्या बरण्या मी पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. वर्षभरात रांग लागायला लागली. उत्तनच्या बायका एकमेकींना सांगून यायच्या. भाजीवाले, वॉचमन, नव्याने राहायला आलेली माणसं. मी सकाळी कॅलिपर घालून, इस्त्रीचा ड्रेस घालून, केस नीट बांधून जायचे. महिन्याला थोडे पैसे बँकेत टाकायचे, एटीएम कार्ड माझ्या स्वतःच्या पर्समध्ये. पासबुकात माझ्या नावाखाली आकडा वाढताना बघून रात्री झोप चांगली लागायची.

आणि मग एका दुपारी तपासणीवाला आला. नवा होता, तरुण. आधी फोन नाही, निरोप नाही. समोर पाच-सहा जण उभे होते, मी एकाचा अर्ज टाइप करत होते. त्याने स्टॉल बघितला, मशीन बघितलं, मला बघितलं.

"लायसन्सधारक कुठे आहेत?"

"मीच."

"नाही, म्हणजे ज्यांच्या नावाचा आहे त्या. अपंग बाई." त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, तक्रार आलीय. अपंगांचा स्टॉल भाड्याने चालवताय म्हणून. खरं सांगा, किती भाडं देता?"

तक्रार कोणी केली ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. इतकी वर्षं खरंच भाड्याने दिलेला होता तेव्हा एक तक्रार नाही आली, आणि आता आली. मी अपंगत्वाचं कार्ड दिलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं. आधार दिलं. लायसन्स दिलं. तो म्हणाला, "कार्डं काय, हल्ली कुणीही बनवतं हो. आमच्यावरही वरून प्रेशर असतं. तुम्ही अशा दिसत नाही म्हणून म्हटलं." मग जरा घुटमळला, आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "जरा चालून दाखवता का?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. लायसन्स त्याच्या हातात होतं. माझी खोली, माझं पासबुक, माझं सगळं त्या हातात होतं.

मी काउंटरला धरून उठले. फळी वर केली, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर समोरच्या विजेच्या खांबापर्यंत चालत गेले आणि परत आले. तो "ठीक आहे, ठीक आहे, सॉरी" म्हणाला, लायसन्स परत दिलं आणि निघून गेला. मी जागेवर बसून अर्धवट राहिलेला अर्ज पुढे टाइप करायला घेतला. राग आता त्याचा येत नव्हता. येता-जाता त्या वीस पावलांत मी रोज लंगडते त्याच्यापेक्षा जास्त लंगडले होते. कुणीही सांगितलं नव्हतं मला तसं करायला.